फाईल चालली असताना टोकू नये

मोरेश्वर भोईरांच्या दुकानात शिरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, उंबऱ्यापाशी आडवी पडलेली वायर. दुसरी, आपली जीभ. त्यांच्या कॉम्प्युटरवरून एखादी फाईल कुठे निघाली असेल, तर "गेली का?", "किती झाली?", "अजून किती वेळ?" यातलं काहीही विचारायचं नाही. विचारलंत तर ते तोंडावर बोट ठेवतात आणि दबक्या आवाजात म्हणतात, "टोकू नका. चाललीय ती."

घरातून कामाला निघालेल्या माणसाला 'कुठे चाललास' विचारू नये, काम फिसकटतं, हे माझ्या आईनेही मला शिकवलं आहे. पण तो नियम फाईलला लावणारा माणूस मी भिवंडीत एकच पाहिला. बरं, नुसतं एवढंच नाही. फाईल पाठवण्याआधी ते खणातून साखरेची बरणी काढतात. निघणाऱ्याच्या हातावर गोड ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. फाईलला हात नाही, तोंडही नाही, म्हणून तिच्या वाटणीची चिमूटभर साखर ते स्वतः खातात आणि मग बटण दाबतात. पुढे मधुमेह निघाला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती वेळा गोड खाता? तर हे म्हणाले, "जसं काम असंल तसं."

कल्याण नाक्याच्या मागच्या गल्लीत आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. माझं लग्नपत्रिका आणि फोटो-अल्बमच्या डिझाइनचं, त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं. मागे शकीलभाईंचे कापडाचे लूम दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे आम्ही दोघंही दिवसभर ओरडूनच बोलतो आणि घरी गेल्यावर घरच्यांना वाटतं आम्ही भांडतोय. एकदा मोरूभाऊंची एक मोठी फाईल पोचता पोचता शकीलभाईंनी खिडकीतून सहज विचारलं, "क्या मोरूभाई, गई क्या?" आणि नेमकी लाईट गेली. आता भिवंडीत लाईट जायला कुणी विचारावं लागतं असं नाही. पण मोरूभाऊंनी त्या बिचाऱ्याशी बोलणं टाकलं. शेवटी शकीलभाईंनी माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना आजही माहीत नाही.

मोरूभाऊ कोन गावचे. आगरी. हळदीचं शूटिंग म्हणजे त्यांचाच हात, असं शेलारपासून पूर्णापर्यंत कुणीही सांगेल. आणि त्याच दमात हेही सांगेल की, त्यांना काम देऊ नका, वेड लागेल. कारण हा माणूस काही कापत नाही. शूटिंग करायचं ते अख्खं, द्यायचं ते अख्खं. यजमान मांडव घालायला लागल्यापासून शेवटची खुर्ची टेम्पोत चढेपर्यंत सगळं. शेलारचा एक नवरदेव त्यांना म्हणाला, "मोरूदादा, मोबाईलवर टाकायला एक छोटीशी रील द्या." यांनी दिली. पाऊण तासाची. तो रडकुंडीला आला, तर यांनी उलट त्यालाच ऐकवलं, "तुजी हलद रातभर चालली ना? मंग तुज्या मावशीला यातनं कशी कारू? ती नाचली नाय का?"

माझा आणि त्यांचा रोजचा तंटा म्हणजे फायली. माझा म्याक, त्यांचा विंडोज. अल्बमसाठी मला त्यांच्या व्हिडिओतून फोटो काढावे लागतात, म्हणून दोन्ही मशीनवर चालणारं एक फाईल शेअर करायचं सॉफ्टवेअर आम्ही घातलं होतं. फुकटातलं आणि बरंच जुनं. चार जीबीपर्यंतची फाईल ते मुकाट्याने न्यायचं, त्यावर गेली की तिथेच टाकून द्यायचं. 'एरर' एवढा एक शब्द दाखवायचं, पुढे मागे काही नाही. मी चिडायचे, कीबोर्ड आपटायचे. मोरूभाऊ शांत. ते म्हणायचे, "वयनी, तुमचा म्याक शिकलेला, माजा विंडोज गावचा. दोगं आपल्या जागी बरोबर हायत. मदला दलाल हाय ना, त्याची पिशवी लहान."

आणि मग ते माणसांनाही त्याच मापाने मोजायला लागले. कुणी गोडगोड बोलून कुठेही जमवून घेणारा दिसला की म्हणायचे, "यो चार जीबीच्या आतला हाय. कुठं पन जातो." हे कौतुक नव्हे, एवढं लक्षात ठेवा. एकदा आमच्या ह्यांनी त्यांना विचारलं, "आणि मी किती जीबीचा हो?" मोरूभाऊंनी विषय बदलला. आमचे हे आठवडाभर माझ्यावरच फुगून बसले होते.

आता त्यांच्या एका फाईलबद्दल सांगते, कारण हे सगळं मी तिच्यासाठीच सांगायला घेतलंय.

मोरूभाऊंना आणि त्यांच्या धाकट्या भावाला, दिनेशला, त्यांच्या हिरू आत्याने वाढवलं. आई लवकर गेली होती. आत्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पुढे जो जो विधी होतो, त्याला धवल्याचं गाणं म्हणावं लागतं, आणि ते म्हणणाऱ्या बाईचा मान भटजीइतकाच असतो. हिरू आत्याशिवाय कोनमध्ये लग्न लागत नव्हतं. धवला एकदा धरला की मध्ये तोडायचा नाही, हा तिचा कायदा. ती थकली, आवाज जायला लागला, तेव्हा मोरूभाऊंनी तिला अंगणात बसवून तिचा सगळा धवला एका बैठकीत शूट केला. कॅमेऱ्याने आपल्या स्वभावाप्रमाणे त्याचे वेगवेगळ्या फायलींत तुकडे पाडले. मोरूभाऊ कॅमेऱ्यावर संतापले, सगळे तुकडे बिनसांध्याचे जोडले आणि साडेसहा जीबीची एकच फाईल करून ठेवली. पुढे आत्या गेली. फाईल राहिली.

दिनेशचं आणि यांचं बोलणं नव्हतं. दिनेश वापीला कंपनीत लागला आणि तिथल्याच एका गुजराती मुलीशी त्याने लग्न ठरवलं. मुलीकडे सगळा त्यांचा रिवाज, धवला नाही. मोरूभाऊ तेव्हा ऐन ताठ्यात. म्हणाले, धवल्याबिगर लगीन म्हंजे नुस्ती सही. गेले नाहीत, आत्यालाही जाऊ दिलं नाही. स्वतःचं लग्न तर त्यांनी केलंच नाही. अख्ख्या तालुक्याची लग्नं शूट केली, फक्त सख्ख्या भावाचं सोडून. आत्या गेली तेव्हा दिनेश आला, दहा दिवस राहिला, दोघं भाऊ लाकडं, भांडी, मांडव एवढ्यापुरतं बोलले, आणि तो परत गेला.

तर गेल्या वर्षी दिनेशच्या मुलीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. पोरगी कॉम्प्युटरमध्ये नोकरी करणारी, गोड. तिने मोरूभाऊंना मेसेज केला, "काका, आत्याआजीचा धवला पाठवा ना. पूर्ण. हळदीला मला तोच लावायचाय, इकडे धवलारीण नाही मिळत."

मोरूभाऊंनी तो मेसेज मला दाखवला, शकीलभाईंना दाखवला, चहावाल्याला दाखवला. नंतर चहावाल्याला परत दाखवला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "वयनी, ज्या घरात धवला नको व्हता, त्याच घरानं मांगितला." मी उगाच पत्रिकांचे गठ्ठे सरळ करत बसले.

मग त्यांनी साखर खाल्ली आणि सुरुवात केली. मोबाईलवरून जाईना, फाईल मोठी. पेनड्राईव्हवर घालून कुरिअर करू म्हटलं, तर कोरा करकरीत पेनड्राईव्ह, आत काही नाही, तरी चार जीबीवरची एक फाईल मावत नाही म्हणाला. मोरूभाऊ त्याच्याकडे बघून म्हणाले, "घर रिकामं, आनि जागा नाय म्हनतंय. आमच्याच घरातला दिसतोय." शेवटी आमचं सॉफ्टवेअर स्नेहलने तिच्या लॅपटॉपवर घातलं, तिचाही माझ्यासारखाच म्याक. चार जीबीला दलालाने पिशवी खाली ठेवली. एरर.

मी म्हटलं, "दोन तुकडे करा. मी करून देते."

"धवला मदे तोरत नाय, वयनी. आत्याला एकदा मांडवात इंचू चावला, तरी थांबली नाय."

"मग फाईल लहान करू. थोडं अस्पष्ट दिसेल इतकंच."

"आत्याचा तोंड असपष्ट?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

माझा स्वभाव वाईट आहे. एखादी गोष्ट अडली की ती दुसऱ्याची असली तरी मला झोप लागत नाही. मी स्नेहलला फोन लावला, दोघींनी मिळून शोधलं, आणि कळलं की त्या सॉफ्टवेअरचं नवं रूप निघालंय; त्यात ही चार जीबीची भानगडच नाही. कितीही मोठी फाईल जाते, दोन्ही बाजूंना नवं घातलं की झालं. मी मोरूभाऊंच्या मशीनवर ते स्वतः घातलं आणि एखादा गड सर केल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. वाटलं, आता मोरूभाऊ मला चहा पाजतील.

ते नुसतं "बरं" म्हणाले.

फाईल निघाली. चार जीबी ओलांडले. मी काही टोकलं नाही, पण आनंदाने माझ्या दुकानात जाऊन बसले. थोड्या वेळाने येऊन बघते, तर थांबलेली. नेट गेलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत लावली, परत थांबली. लाईट गेली म्हणाले. माझ्याकडे तर लाईट होती. एकाच मीटरवर दोन दुकानं आहेत आमची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याच दुकानात ठाण मांडलं. फाईल सरकत होती, थोडीच उरली होती, आणि मला टेबलाखाली काहीतरी हललेलं दिसलं. वाकून बघितलं. मोरूभाऊंनी चप्पल काढली होती, आणि पायाच्या अंगठ्यात आणि बोटात इंटरनेटची वायर धरून ते ती हळूहळू ओढत होते. खट्. थांबली फाईल.

माझं डोकंच फिरलं. "अहो, लाज वाटते का काही? तीन दिवस मी आणि ती पोरगी जिवाचं रान करतोय, तिची हळद तोंडावर आलीय, आणि तुम्ही पायाने वायर ओढताय? द्यायचा नसेल धवला तर तसं सांगा तिला. मरेपर्यंत ताठच राहायचंय का तुम्हाला?" असं आणि बरंच काही मी बोलले. बोलता बोलता खाली बसून ती वायर परत तिच्या भोकात ठोसून बसवली, तेही रागानेच.

मोरूभाऊ खाली मान घालून बसले होते. पाय चपलेत घालत म्हणाले, "द्याचा हाय, वयनी. त्यांचाच हाय तो. पन फाईल गेली की झालं ना. धवला पोचला. मंग माजं काय काम तिथं?"

मी म्हटलं, "असं काय म्हणता? सख्खे काका आहात तुम्ही. पत्रिका आलीय ना नातेवाइकांच्या ग्रुपवर? जा सरळ."

"ग्रुपवं सगल्यांनाच आली. ज्यांनी खाली नुस्ता अंगठ्याचा चित्र टाकला त्यांना पन आली." त्यांनी मोबाईल उलटा ठेवला. "दिनूच्या लग्नाच्या टायमाला तो हितं आलता. घरी. पत्रिकेला हलद लावून, अक्षता घेऊन. मी त्याला उंबऱ्यावरनं परत धारला. पानी पन नाय इचारलं. आता बिनबोलावता कन्च्या तोंडानी जाऊ त्याच्या दारात? त्यानं बोलवाला पायजे. वाटलं, फाईल जातच नाय म्हनल्यावं म्हनंल कदी तरी, दादा, तूच घेऊन ये."

मोबाईलवर पाठवायच्या पत्रिका करून मी पोट भरते. शेकडो केल्या असतील. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या धंद्याचा राग आला.

मी बाहेर ओट्यावर आले आणि स्नेहलकडून दिनेशचा नंबर मागून घेतला. फोन दिनेशनेच उचलला. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "हे बघा, तुमच्या आत्यांची फाईल येत नाहीये. फार मोठी आहे. इकडचं मशीन वेगळं, तिकडचं वेगळं, मधलं सॉफ्टवेअर घेतच नाही."

"मग मी कुणाला तरी पाठवतो, हार्ड डिस्क घेऊन," तो म्हणाला.

"हार्ड डिस्कवरही बसत नाही," मी दडपून सांगितलं. "कॉम्प्युटर आहे तसाच आणावा लागेल. आणि तो दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. फक्त मोरूभाऊंना येतो."

तेवढ्यात मागून स्नेहलचा आवाज आला, "हो पप्पा, खरंच नाही येत. मी सगळं करून बघितलं." या पोरीचा दिवस त्याच कामात जातो. माझ्या बोलण्यातलं एकही अक्षर खरं नाही, हे तिला कळलं नसेल असं मुळीच नाही. मी मनातल्या मनात तिला आठ पुत्रांचा आशीर्वाद देऊन टाकला, मग फार झाले म्हणून दोनावर आणले.

दिनेश म्हणाला, "बघतो," आणि फोन ठेवला.

'बघतो' म्हणजे काय ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मोरूभाऊंना मी फोनचं काही सांगितलं नाही. ते शटर ओढून घरी गेले. कॉम्प्युटर ते कधीच बंद करत नाहीत. पुढचे दोन दिवस ते दुकानात आले, मॉनिटरकडे पाठ करून बसले, फाईलचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. शकीलभाई खिडकीतून म्हणाले, "मोरूभाई की तबियत ठीक नहीं लगती." मी म्हटलं, शकीलभाई, तुम्ही नका हं विचारू काही.

रविवारी सकाळी मी माझं शटर उघडत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गुजरात पासिंगची गाडी थांबली. त्यातून उतरलेल्या माणसाला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण ते नाक आणि ती चाल मी रोज बघते. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "वयनी तुमीच ना?"

"कॉम्प्युटर न्यायला आलात?" मी घाईघाईने म्हटलं. "आत आहे. मॉनिटरही लागेल बरोबर."

तो हसला. "फाईल त कवाच आली, वयनी. तुमचा फोन आला ना, त्याच राती. पोरीनं लॅपटॉप लावला, त जिथं तुटली व्हती तिथनं आपोआप परत चालू झाली. पोरगी म्हनाली, नव्या सॉफ्टवेअरला तसंच असतं."

वायर मीच बसवली होती. रागाच्या भरात. मी चटकन आत बघितलं. मोरूभाऊ दुकानात होते आणि हे सगळं ऐकत होते. खुर्चीच्या दांड्याला धरून उभे होते. फाईल गेली होती. त्यांच्या हातात होतं नव्हतं ते एकच कारण, तेही गेलं होतं.

"बघितली तुमी?" त्यांनी विचारलं. धाकट्या भावाला 'तुमी'.

"बघितली. सगले बसलो व्हतो. सगली बघितली, पयल्यापासून शेवटपावत." दिनेश उंबऱ्याशीच उभा होता. "आत्या हाय, अंगन हाय, आपली तुलस हाय. मागं पत्र्यावं एक लंगरा कावला पन बसलाय. तूच नाय, दादा. तू कॅमेऱ्याच्या मागं. पोरगी म्हनाली, पप्पा, यात काका कुठंच नायत. त्यांना आनाला जा."

त्याने पिशवीतून पत्रिका काढली. छापलेली, खरी, कोपऱ्यांना हळद लावलेली. वर अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "गुरवारी हलद हाय. तू आधी ये. पयली हलद तूच लाव पोरीला."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं वगैरे नाही, सरळ पदराने डोळे पुसले. मोरूभाऊ मात्र रडले नाहीत. त्यांनी पत्रिका घेतली, अक्षता कपाळाला लावल्या. मग दुकानातल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवरची कॅमेऱ्याची बॅग उचलून खाली ठेवली, खुर्ची हाताने पुसली, आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी काठोकाठ तांब्याभर काढून भावापुढे धरलं.

"आत ये, दिनू," ते म्हणाले. "पानी घे आधी."